कामाचे तास वाढवताना घरच्या जेवणाचाही विचार व्हावा : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कारखाने व दुकानांतील कामाचे तास वाढवण्याचा निर्णय आणि कामगार कुटुंबांचे एकत्र जेवण.

महोदय,

स. न. वि. वि.

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखाने अधिनियम, १९४८ आणि महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यांतील बदलांना मंजुरी दिली. त्यानुसार कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर जाते आणि वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांत ती नऊवरून दहावर जाते. जेवणाची सुट्टी पाच तासांऐवजी सहा तासांनंतर देता येते. ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा कारखान्यांत ११५ तासांवरून आणि दुकानांत १२५ तासांवरून १४४ तासांवर जाते. या निर्णयाचे समर्थन करताना गुंतवणूक, उद्योगसुलभता आणि रोजगार यांविषयी बरेच सांगितले गेले. कामगार ज्या घरात राहतो, त्या घराचा उल्लेख मला कुठे वाचायला मिळाला नाही, म्हणून हे पत्र आपल्याला आणि आपल्यासोबत सर्वांनाच लिहीत आहे.

मी भोसरीत राहते आणि महापालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. माझे पती चाकण औद्योगिक क्षेत्रातील एका कारखान्यात अनेक वर्षांपासून पाळ्यांमध्ये काम करतात. त्या कारखान्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्याच पगारावर आमचे घर उभे राहिले आहे. माझे म्हणणे शासनाशी आहे, कारण कामाच्या तासांची कमाल मर्यादा शासन ठरवते आणि त्या मर्यादेनंतर जो वेळ उरतो त्यातच कामगाराला आपला संसार बसवावा लागतो.

पतींची पहिली पाळी असते त्या आठवड्यात ते साडेचार-पाचच्या सुमारास घरी येतात आणि रात्री साडेआठला आम्ही चौघे एकत्र जेवायला बसतो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्यांचे ताट झाकून ठेवलेले असते. कंपनीची बस त्यांना मध्यरात्रीनंतर उड्डाणपुलाजवळ सोडते. ते घरी येतात तेव्हा मुले झोपलेली असतात आणि मुले शाळेला निघतात तेव्हा ते झोपलेले असतात. एका छताखाली राहूनही वडील आणि मुले पूर्ण आठवडा एकमेकांशी धड बोलत नाहीत. तरीही पुढच्या आठवड्यात पहिली पाळी येणार हे ठाऊक असल्यामुळे आम्ही ते निभावून नेतो.

पहिल्या पाळीच्या अशाच एका आठवड्यात धाकट्याच्या ताटात त्याच्या आवडीचे वांग्याचे भरीत होते आणि तो भाकरी मोडून नुसती चुरत बसला होता. मी आमटी वाढण्यात गुंतले होते. ते त्याच्या वडिलांच्या लक्षात आले, पण त्यांनी त्याला काही विचारले नाही. त्यांनी कारखान्यातली स्वतःची गोष्ट काढली : नव्या मशीनवर हात बसत नव्हता, तेव्हा सुपरवायझर सगळ्यांदेखत काय बोलले आणि नंतर जोडीदाराने मशीन कसे शिकवले, अशी ती गोष्ट होती. मुलगा ऐकत राहिला, हळूहळू जेवू लागला, आणि ताक मागता मागता त्याने सांगून टाकले की त्याला अपूर्णांक येत नाहीत, म्हणून गणिताच्या तासाला तो मान वर करत नाही. शाळेतून आल्याबरोबर मी त्याला विचारले असते, तर उत्तर ‘काही नाही’ असेच आले असते. मुले समोर बसवून विचारले की बोलत नाहीत. हात कामात असतात, नजर ताटाकडे असते, कोणी उलटतपासणी घेत नसते आणि अर्धा तास कोणी उठून जाणार नसते, तेव्हा ती बोलतात. अशी वेळ पाळीवाल्या घरात रात्रीच्या जेवणाखेरीज दुसरी उरत नाही.

बारा तासांची पाळी सकाळी सातला सुरू झाली तर संध्याकाळी सातला सुटेल. चाकणचा चौक आणि नाशिक महामार्ग संध्याकाळी कसा तुंबतो हे त्या भागात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. सकाळी सहाच्या आत घर सोडलेला माणूस साडेआठ-नऊला परत येईल, अंघोळ करील आणि जेवायला बसेल तेव्हा लहान मुलांची झोपेची वेळ झालेली असेल. पाळी रात्रीची असेल तर तेवढेही नाही. आज आमच्या वाट्याला जे एकत्र जेवण एका आठवड्याआड येते, ते या बदलानंतर कोणत्या आठवड्यात येणार, हे मला शासनाकडून समजून घ्यायचे आहे.

शिक्षिका म्हणून मी एकत्र जेवण्याचा परिणाम शाळेतही रोज पाहते. पोषण आहाराच्या वेळी मुले ओळीने बसतात. घरी मटकीची उसळ बाजूला सारणारी मुले, शेजारचा खातो आहे हे पाहून, इथे ती खातात आणि पुन्हा मागतात. ज्यांच्याकडे वाढण्याचे काम असते त्यांना आपल्या आधी दुसऱ्याचे ताट पाहावे लागते. ओळ पूर्ण वाढून झाल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही, हा नियम पहिलीतल्या मुलांना महिनाभरात अंगवळणी पडतो. पाठ्यपुस्तकातून शिकवायला अवघड असलेल्या कितीतरी गोष्टी मुले तिथे आपोआप शिकतात.

त्याच शाळेतील एका चौथीच्या मुलीविषयीही सांगते. तिचे वडील सुरक्षारक्षक आहेत आणि त्यांची ड्यूटी आजही बारा तासांचीच आहे. आई एका मॉलमधील दुकानात रात्रीपर्यंत काउंटरवर असते. ही मुलगी धाकट्या भावाला वाढते, तो मुकाट्याने जेवावा म्हणून त्याच्यासमोर मोबाइल लावते आणि स्वतः ओट्याजवळ उभ्याने खाऊन घेते. तिने हे मला तक्रार म्हणून सांगितले नाही. ‘माझे घर’ या निबंधात तिने ते लिहिले होते, आणि भाऊ आपले ऐकतो याचा तिला अभिमान होता. तिच्या आईवडिलांना दोष द्यावा असे त्यात काहीही नाही. दोघेही राबतात, मुलांसाठीच राबतात. पण कायद्याने कामाचे तास वाढवले तर अशी घरे वाढतील आणि त्याचा हिशेब कुठल्याच खात्यात लिहिला जाणार नाही.

हे सगळे एका आईच्या भावनेचे म्हणून बाजूला ठेवले जाऊ नये, यासाठी अभ्यासकांचे म्हणणेही थोडे मांडते. ‘पेडिअॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०११ मध्ये १७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १ लाख ८० हजारांहून अधिक मुलांची माहिती होती. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा कुटुंबासोबत जेवणाऱ्या मुलांमध्ये वजन अवाजवी असण्याची शक्यता १२ टक्के, अपायकारक खाणे खाण्याची शक्यता २० टक्के आणि खाण्याच्या विकृतींची शक्यता ३५ टक्के कमी आढळली. जी कुटुंबे एकत्र जेवू शकतात ती इतर बाबतींतही थोडी स्थिरस्थावर असतात, त्यामुळे हे सारे श्रेय एकट्या जेवणाला देता येणार नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. मला शिक्षिका म्हणून अधिक महत्त्वाचे वाटते ते हार्वर्ड विद्यापीठातील कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम. त्यांनी बोस्टन परिसरातील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांत जेवताना होणारे बोलणे नोंदवून अभ्यासले. मोठी माणसे दिवसभरातील घडामोडी सांगतात, कारणे देतात, वाद घालतात, तेव्हा एरवी मुलांशी बोलताना न वापरले जाणारे शब्द त्यांच्या कानावर पडतात, आणि अशा गप्पांचा मुलांच्या पुढील शब्दसंग्रहाशी संबंध असल्याचे त्यांना दिसले. ‘बेअरिंग’, ‘कंत्राट’, ‘बोनस’, ‘मंदी’ हे शब्द माझ्या मुलांनी वडिलांच्या तोंडून जेवतानाच ऐकले. ज्या घरात पुस्तके नाहीत, शिकवणीला पैसे नाहीत, त्या घरातल्या मुलाला भाषा मिळण्याची हीच जागा आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

कामाच्या तासांचा जेवणाशी संबंध आज मी प्रथम जोडते आहे असे नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि सूर्यास्ताला काम थांबवणे या मागण्या होत्या. जेवणासाठी अर्धा तास आणि अंधार पडायच्या आत सुटका मागावी लागत होती, यावरून त्या काळच्या गिरणीची कल्पना येते. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मान्य झाली. रविवारी दुपारी महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत मटणाचा किंवा पुरणाचा वास येतो आणि सगळे घरी असतात, त्यामागे ही लढाई आहे. पुढे १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. घरच्या जेवणाला मुकणे म्हणजे काय, हे गिरणगावाने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. बायका-मुलांना कोकणात किंवा घाटावर ठेवून आलेला कामगार खानावळीत जेवत होता आणि त्या खानावळी चालवून घर पोसणाऱ्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कायद्यातही कामगाराच्या जेवणाचा विचार होता. कलम ४६ अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाविषयी आणि कलम ४७ दीडशेहून अधिक कामगार असतील तर जेवणाच्या खोलीविषयी सांगत होते. कलम ५५ मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी होती. घरच्या जेवणाविषयी तो कायदा काही बोलत नव्हता, कारण दिवसाची मर्यादा नऊ तास असताना तसे बोलण्याची फारशी गरज नव्हती. मर्यादा बारावर नेणाऱ्या शासनाला मात्र त्यावर बोलावे लागेल.

आता माझे आक्षेप मांडते.

आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम असल्याने बारा तासांचे चार दिवस भरले की तीन दिवस सुट्टी मिळेल, असे सांगितले जाते. खरोखर तसे घडणार असेल, तर तीन संध्याकाळी वडील घरी असतील आणि मी त्याचे स्वागत करीन. पण त्याच निर्णयात ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला १४४ तास केली आहे. तिमाहीत तेरा आठवडे धरले तर आठवड्याला अकरा तास होतात, म्हणजे जवळजवळ आणखी एक पूर्ण पाळी. तीन मोकळ्या दिवसांतला एक तिथेच गेला. कोणते दिवस मोकळे असतील हे कामगाराला आदल्या संध्याकाळी कळणार असेल, तर उरलेल्या दोन दिवसांचाही घराला उपयोग नाही. ओव्हरटाइमचा दुप्पट दर अनेकांना हवा असतो, हे मी जाणते. घराचा हप्ता आणि मुलांची फी आमच्याकडेही आहे. परंतु आठ तासांच्या मजुरीत घर भागत नाही म्हणून बारा तास राबणे, याला मी त्या माणसाची निवड म्हणणार नाही.

जेवणाची सुट्टी सहा तासांनंतर नेण्याचे कारण मला समजलेले नाही. सकाळी पाचला चहा-पोळी खाऊन निघालेला कामगार दुपारी एकला डबा उघडेल. त्यांच्यात मधुमेह असलेले आहेत, पित्ताचा त्रास असलेले आहेत. पाच तासांची तरतूद कोणाला अडचणीची झाली होती?

कामगाराच्या लेखी संमतीशिवाय ओव्हरटाइम घेता येणार नाही, हे संरक्षण कागदावर चांगले आहे. ठेकेदाराकडील कामगाराला कामावर घेताना जे कागद सहीसाठी पुढे केले जातात त्यांतच हा एक कागद येईल, आणि सही नाकारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवर थांबवले जाईल, ही भीती कोणत्याही औद्योगिक वसाहतीत विचारले तरी ऐकायला मिळेल. नाही म्हणण्याचे मोल नोकरी असेल, तर त्या सहीला संमती म्हणता येत नाही.

सर्वांत मोठा आक्षेप स्त्रियांच्या बाजूने आहे आणि तो या चर्चेत जवळपास कोणी मांडलेला नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८. नवऱ्याचा दिवस तीन तासांनी वाढला की त्याच्या वाट्याचे हे थोडेसे कामही बायकोकडे येणार, आणि ती स्वतः नोकरी करत असेल तर तिची रात्र आणखी लांबणार. आपल्याकडे एकत्र जेवण्याची परंपरा होती असे म्हणून मी जुन्या काळाचे गोडवे गाणार नाही. त्या पंगतींत पुरुष आणि मुले आधी बसत, वाढणारी शेवटी बसे आणि भांड्यात जे उरेल ते तिच्या वाट्याला येई. आजही ही रीत संपलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, पण शेवटी बसणे आणि उरलेले खाणे यांचा त्याच्याशी काही संबंध नाही असे कोण म्हणेल? आमच्या घरी ही रीत मोडली ती चौघांनी एका वेळी बसायला सुरुवात केल्यामुळे. भांडी मध्ये ठेवायची, ज्याला जे हवे ते त्याने घ्यायचे, आणि पोळी संपली तर जो आधी जेवून होईल त्याने उठायचे. मी गरम जेवते आणि बसून जेवते. नवरा रात्री नऊला आणि मुले साडेसातला जेवणार असतील, तर मी पुन्हा दोनदा वाढणारी आणि शेवटी जेवणारी होईन. माझ्यासारख्या लाखो जणींचे हेच होईल.

एकत्र जेवणे ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, शासनाने त्यात पडू नये, असे कोणी म्हणेल. जपानने २००५ मध्ये आहार-शिक्षणाचा स्वतंत्र कायदा केला आणि त्याखालील राष्ट्रीय आराखड्यात कुटुंबाने आठवड्यातून किती वेळा एकत्र जेवावे याचे उद्दिष्टही ठेवले. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालात देशोदेशीचे लोक आठवड्यात किती जेवणे इतरांसोबत घेतात याची मोजणी आहे आणि तीत दक्षिण आशिया तळाशी आहे. ज्या गोष्टीचा माणसाच्या समाधानाशी असा संबंध दिसतो, ती आपल्या राज्याने निदान मोजावी, इतकी अपेक्षा जास्त नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. कारखान्यांतील दिवसाची कमाल मर्यादा नऊ तासच ठेवावी. शासन त्यास तयार नसेल, तर बारा तासांच्या पाळीसोबत आठवड्याला तीन पूर्ण सुट्ट्या सक्तीच्या कराव्यात आणि ज्या आठवड्यात बारा तासांच्या पाळ्या असतील त्या आठवड्यात ओव्हरटाइम घेण्यास मनाई करावी.

२. जेवणाच्या सुट्टीची पाच तासांची तरतूद जशी होती तशीच राहावी.

३. पाळ्यांचे आणि सुट्ट्यांचे वेळापत्रक किमान एक महिना आधी लेखी देणे बंधनकारक करावे. महिन्यातून निदान दोन सुट्ट्या रविवारी याव्यात, म्हणजे मुले आणि आईवडील एकाच दिवशी घरी असतील. दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा ज्यांना मिळाली आहे त्या आस्थापनांनाही हे लागू असावे, कारण दुकान चोवीस तास उघडे राहिले तरी काउंटरवरील माणसाला संध्याकाळ हवीच असते.

४. ओव्हरटाइमची संमती प्रत्येक तिमाहीला नव्याने घ्यावी, ती मागे घेण्याचा हक्क असावा आणि नकार देणाऱ्यास कामावरून कमी केल्यास ती अन्याय्य कृती समजली जावी. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत ही जबाबदारी ठेकेदारासोबत मूळ मालकाचीही असावी.

५. पाळी संपल्यानंतर कामाचे फोन आणि संदेश यांना उत्तर न देण्याचा हक्क मान्य करावा. फ्रान्समध्ये तो २०१७ पासून आहे, आणि आपल्याच राज्यातील खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडलेले आहे. घरी वेळेवर आलेला माणूस ताटावरून फोन घेऊन उठत असेल, तर तो आलेला नाही असेच मुलांना वाटते.

६. बारा तासांच्या पाळीचा कामगारांच्या कुटुंबांवर, विशेषतः मुलांच्या आणि स्त्रियांच्या आहारावर, काय परिणाम होतो याची पाहणी कामगार विभागाने महिला व बालविकास विभागाच्या मदतीने करावी आणि तिचे निष्कर्ष विधिमंडळासमोर ठेवावेत. ती होईपर्यंत कोणत्याही नव्या कारखान्यात बारा तासांची पाळी सुरू होऊ देऊ नये.

७. या बदलांखालील नियमांचा मसुदा मराठीत प्रसिद्ध करून त्यावर चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड आणि बुटीबोरी येथे जाहीर सुनावण्या घ्याव्यात. कामगार संघटना आणि मालक यांच्याबरोबर कामगारांच्या घरच्यांनाही तिथे बोलण्याची संधी द्यावी. सुनावणी रविवारी ठेवावी. कामाच्या दिवशी ठेवली तर ज्यांच्याविषयी ती आहे तेच येऊ शकणार नाहीत.

चाकणच्या सुनावणीची तारीख कळवल्यास मी आणि माझे पती दोघेही उपस्थित राहू आणि वरील प्रत्येक मुद्द्यावर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देऊ.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका आणि कारखाना कामगाराची पत्नी,
भोसरी, पुणे